मोठ्या घराची निरवानिरव

मराठीत ‘आवराआवर’ आणि ‘निरवानिरव’ असे दोन शब्द आहेत आणि वरवर पाहता ती एकाच कामाची नावे वाटत असली, तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. आवराआवर म्हणजे पसरलेल्या वस्तू जागच्या जागी लावणे. निरवणे म्हणजे एखादी वस्तू, जबाबदारी किंवा व्यक्ती योग्य माणसाच्या हाती विश्वासाने सोपवणे. उतारवयात मोठे घर सोडून लहान घरात, विशेषतः ज्येष्ठांसाठी बांधलेल्या निवासी संकुलात राहायला जाणाऱ्या दांपत्यापुढे जे काम येऊन पडते, ते बहुतेक कुटुंबांत आवराआवर म्हणून सुरू होते आणि शेवटच्या आठवड्यातल्या घाईत भंगारवाल्याच्या काट्यावर संपते. हे काम निरवानिरव म्हणून, वेळ हाताशी असताना आणि ज्याच्या वस्तू त्याच्याच हातून झाले, तर घर सोडण्याचे दुःख सरत नसले तरी त्या दुःखाला अर्थ राहतो.

या प्रश्नाचा व्याप आता चार-दोन घरांपुरता राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. कोल्हापुरापुरते पाहिले, तर शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने पुणे, मुंबई, बेंगळुरू आणि परदेश गाठणाऱ्या पिढीच्या मागे शिवाजी पेठेतील आणि मंगळवार पेठेतील जुनी घरे, राजारामपुरी आणि ताराबाई पार्क येथील बंगले उरले आहेत आणि एकेकाळी आठ-दहा माणसांनी भरलेल्या या घरांत आता दोन किंवा एकच वृद्ध माणूस राहतो. जिना चढवत नाही, आजारपणात सोबत नाही आणि मुले तर शेकडो किलोमीटरवर, अशा स्थितीत एक दिवस घर बदलण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

वृद्धाश्रम आणि निवासी संकुल

या दोन व्यवस्थांची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून त्यांतील फरक आधी पाहणे इष्ट आहे. वृद्धाश्रम ही मुळात आश्रयाची व्यवस्था असून तेथे राहणाऱ्याला एखादी खोली किंवा खाट मिळते आणि जेवणाखाणाची काळजी संस्था घेते. पुण्यातील ‘निवारा’ ही एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था या परंपरेतील महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक आहे. निवासी संकुलात मात्र ज्येष्ठ व्यक्ती स्वतंत्र सदनिका विकत किंवा भाड्याने घेते, तिच्या दाराची किल्ली तिच्याकडेच असते आणि भोजनगृह, वैद्यकीय मदत, फिरण्याची जागा व करमणुकीचे दालन या सोयी सामाईक असतात. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’ प्रकल्पांनी ही कल्पना मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीची केली. २०२४ मध्ये राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले असून त्यांत एकापेक्षा अधिक मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट, चाकाची खुर्ची जाऊ शकेल अशी रुंद दारे, पायऱ्यांऐवजी उतार आणि न्हाणीघरात आधाराचे दांडे यांचा समावेश आहे.

सामान कमी करण्याचा या निकषांशी थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडणे हे जगभरात दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि असे जीवघेणे पडणे साठीपुढील व्यक्तींत सर्वाधिक आढळते. दार कितीही रुंद केले, तरी त्यामागे जुन्या बंगल्यातील शिसवी कोच, दोन गोदरेजची कपाटे आणि सरकती सतरंजी दाटीवाटीने मांडली, तर ती रुंदी वाया जाते आणि सुरक्षिततेसाठी घेतलेले घरच अडखळण्याचे ठिकाण होऊन बसते.

घर का भरते आणि हात का अडतो

कोल्हापूरच्या जुन्या घराची रचनाच साठवणुकीला अनुकूल आहे. पुढे सोपा, आत माजघर, वर माडी, मागे परडे आणि या सर्वांत कोनाडे, फडताळे व माळे अशी रचना असल्याने ‘असू दे, कधीतरी लागेल’ असे म्हणून ठेवलेली वस्तू कोणाच्या वाटेत येत नाही आणि म्हणून ती कधीच बाहेरही जात नाही. पाण्याचा तांब्याचा बंब, घंगाळ, हंडे-कळश्या, पाटा-वरवंटा, लग्नातले रुखवत, मुलांचे पाळणे, शिलाईयंत्र आणि वर्षाची चटणी भरून ठेवण्याची चिनीमातीची बरणी यांची आज वापराची गरज संपली असली, तरी त्यांच्याशी जोडलेली माणसे आणि प्रसंग संपलेले नाहीत.

हात अडण्यामागे मनाचा एक सर्वसामान्य धर्मही आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये ज्याला नाव दिले, तो ‘मालकीचा परिणाम’ असे सांगतो की एखादी वस्तू आपली झाली, एवढ्याच कारणाने माणूस तिची किंमत वाढवून धरतो. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांना कॉफीचे मग दिले होते, त्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत ही मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाबद्दल ही स्थिती असेल, तर पन्नास वर्षे रोज हाताळलेल्या परातीबद्दल काय होत असेल, याची कल्पना करता येते. म्हणून सासू-सासरे किंवा आई-वडील एखाद्या जुन्या डब्यासाठी अडून बसले, तर त्याला हट्ट म्हणून हिणवू नये.

या ओझ्यावरचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. वानप्रस्थाश्रमाची कल्पना म्हणजे गृहस्थाने संसाराची सूत्रे पुढच्या पिढीकडे देऊन क्रमाक्रमाने मोकळे होणे. आणि कोल्हापूर-सांगली परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाच्या आचारात ‘अपरिग्रह’, म्हणजे गरजेपलीकडचा संचय न करणे, हे प्रमुख व्रतांपैकी एक आहे. स्वीडनमध्ये मृत्यूपूर्वी आपल्या वस्तू आपणच आवरून ठेवण्याच्या प्रथेला ‘डोस्टेडनिंग’ म्हणतात आणि मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या २०१७ मधील पुस्तकामुळे ती जगभर माहीत झाली. जपानमध्ये आयुष्याच्या अखेरीची अशी तयारी ‘शूकात्सु’ या नावाने ओळखली जाते. दोन्हींमागचा विचार एकच आहे, की आपल्या मागे राहणाऱ्यांवर आपल्या कपाटांचे ओझे टाकू नये.

सुरुवात नव्या घराच्या नकाशापासून

अनेक कुटुंबे जुन्या घरातील एकेक वस्तू हातात घेऊन ‘ही ठेवायची का’ असा प्रश्न विचारतात आणि पहिल्याच दिवशी थकतात. त्याऐवजी नव्या सदनिकेची मापे घेऊन, कागदावर तिचा नकाशा काढून, त्यात पलंग, एक कपाट, दोन खुर्च्या, जेवणाचे छोटे मेज आणि देवघर यांच्या जागा आखाव्यात आणि पलंगाभोवती व न्हाणीघराच्या वाटेवर चाकाची खुर्ची फिरेल एवढी मोकळी जागा राखावी. मग प्रश्न बदलतो आणि ‘काय टाकायचे’ या दुखऱ्या प्रश्नाऐवजी ‘या जागेत कोणत्या वस्तूंना मान द्यायचा’ हे ठरवायचे उरते. अवजड फर्निचर न्यायचे असेल, तर ते लिफ्टमध्ये आणि दारातून जाईल का, हेही आधीच मोजून घ्यावे.

या कामाला चार ते सहा महिने हाताशी ठेवावेत आणि रोज दीड-दोन तासांपेक्षा अधिक वेळ बसू नये, कारण थकलेला माणूस एकतर सारेच ठेवतो किंवा सारेच देऊन टाकतो. क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. आधी माळ्यावरची अडगळ, बंद पडलेली उपकरणे आणि मुदत संपलेली औषधे, मग जास्तीची अंथरुणे-पांघरुणे आणि कपडे, त्यानंतर भांडी, पुस्तके, दागिने आणि सर्वांत शेवटी पत्रे व छायाचित्रे घ्यावीत. कारण पहिल्याच दिवशी छायाचित्रांची पेटी उघडली, तर दिवस संपतो पण काम पुढे सरकत नाही. जुन्या सुती साड्यांची वाकळ शिवून घेतली, तर आईच्या चार साड्या एका पांघरुणात नातवाकडे जातात. उरलेले चांगले कपडे धुऊन गरजूंना द्यावेत किंवा दारावर येणाऱ्या बोहारणीला द्यावेत. बंद संगणक, मोबाइल आणि बॅटऱ्या मात्र साध्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्याव्यात.

नाव घातलेली भांडी

स्वयंपाकघरातील संख्या कमी करणे तसे सोपे आहे, कारण जेथे सामाईक भोजनगृह आहे, तेथे दोन माणसांना दहा माणसांचा कुकर, सोऱ्या, मोदकपात्र आणि पुरणयंत्र यांची नित्य गरज पडत नाही. अवघड असते ती पितळी आणि तांब्याची भांडी, कारण मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची प्रथा आहे. काठाच्या खाली किंवा बुडाजवळ बारीक ठिपक्यांच्या ओळीत देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरलेली असते. लग्न, वास्तुशांत, बारसे, मुंज अशा प्रसंगी आलेली ही भांडी तारखांच्या क्रमाने ओट्यावर मांडली, तर त्या कुटुंबाच्या गणगोताचा साठ-सत्तर वर्षांचा लेखी इतिहासच समोर उभा राहतो. कोणत्या वर्षी घर बांधले, कोणत्या शेजाऱ्याने काय दिले, माहेरहून काय आले आणि कोणत्या नावांची माणसे आता हयात नाहीत, हे सारे तेथे वाचता येते.

हीच भांडी मोडीत घातली, तर त्यांचे फक्त वजन धरले जाते. मोड म्हणजे जुन्या धातूचा, वितळवण्याच्या भावाने होणारा सौदा. त्यात घडणावळीला किंमत नाही आणि अक्षरांनाही नाही. म्हणून मोड घालण्यापूर्वी प्रत्येक भांड्यावरील मजकूर मोठ्याने वाचावा, एका वहीत उतरवावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि जेथे शक्य असेल, तेथे ते भांडे देणाऱ्याच्या घरातील पुढच्या पिढीला परत द्यावे. मामांनी १९६८ मध्ये दिलेला तांब्या मामांच्या नातीकडे गेला, तर तिच्या आजोबांची भेट त्यांच्याच घरी परत पोहोचते. अशी एक-दोन भांडी स्वतःबरोबर न्यावीत. उरलेल्यांची मोड झाली, तरी वही उरते.

दागिने आणि देवघर

दागिन्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न हक्काचा आहे. स्त्रीला माहेरकडून, सासरकडून किंवा इतरांकडून मिळालेले स्त्रीधन ही तिची स्वतःची मालमत्ता असते, त्या मालमत्तेवर पतीचा मालकी हक्क नसतो आणि म्हणून त्याची वाटणी कशी करायची, हे तिनेच ठरवायचे असते. दुसरा प्रश्न वाटणीच्या रीतीचा आहे. कोल्हापुरी साज हा तर या नगरीच्या नावाने ओळखला जाणारा दागिना. त्याच्या पानांत दशावतार आणि अष्टमंगल यांच्या आकृती असतात आणि त्या एकत्र असण्यातच त्याचा अर्थ आहे. तीन मुलींना समान वाटा मिळावा म्हणून तो मोडून तीन तुकडे सोने केले, तर समानता साधते, पण साज नाहीसा होतो. गुजरीतील विश्वासू सराफाकडून सर्व दागिन्यांचे लेखी मूल्यांकन करून घ्यावे, साज एकीकडे अखंड जावा आणि इतर दोघींना पाटल्या, तोडे किंवा रोख रक्कम देऊन तोल साधावा. जंगम वस्तूचे बक्षीस, म्हणजे दागिना, भांडे, पुस्तक अशा हलवता येणाऱ्या वस्तूचे दान, हे प्रत्यक्ष हाती सोपवल्यानेही कायद्याने पुरे होते. तरीही मौल्यवान वस्तूंसाठी तारीख घातलेली आणि सर्व मुलांना ठाऊक असलेली लेखी नोंद ठेवणे शहाणपणाचे आहे.

देवघरातील टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठसवलेल्या कुलदैवतांच्या प्रतिमा, कुलाचार पुढे चालवणाऱ्या घराकडे विधिपूर्वक सोपवावेत आणि नव्या घरात रोजच्या पूजेपुरते चार देव न्यावेत. भंगलेल्या तसबिरी, जीर्ण पोथ्या आणि जुने निर्माल्य पंचगंगेत किंवा वडाच्या पारावर सोडू नये. गणेशोत्सवात मूर्तिदानाला आणि निर्माल्य संकलनाला साथ देऊन कोल्हापूरकरांनी नदीसाठी रीत बदलता येते, हे दाखवून दिले आहे आणि तोच विवेक येथेही लागू पडतो.

कागद, ग्रंथ आणि चित्रे

जुन्या घरातील सर्वांत दुर्लक्षित संपत्ती म्हणजे कागद. करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीच्या सनदा, इनामपत्रे, वतनाचे कागद आणि मोडी लिपीतील हिशेबाच्या वह्या आजही अनेक घरांच्या ट्रंकांत पडून आहेत आणि मोडी वाचता येत नसल्याने त्या रद्दी समजल्या जातात. असा कागद रद्दीवाल्याला देण्यापूर्वी कोल्हापूर पुराभिलेखागारातील किंवा शिवाजी विद्यापीठातील जाणकाराला दाखवावा. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित ‘पुरावशेष’ ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही; परदेशातील मुलामुलींना जुनी मूर्ती किंवा पोथी देऊ पाहणाऱ्या आईवडिलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुस्तकांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालये आहेत, तसेच शाळा-महाविद्यालयेही आहेत. मात्र प्रत्येक संस्थेकडे जागेची मर्यादा असते, म्हणून पोती भरून दारात नेऊन ठेवण्यापेक्षा आधी ग्रंथांची यादी द्यावी आणि संस्थेला हवे तेवढेच घेऊ द्यावे. वाळवी किंवा कसर लागलेली प्रत देऊ नये, कारण ती इतर ग्रंथांनाही बाधा करते.

जिवंतपणी निरवानिरव कशी करावी, याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्याच राजारामपुरीत आहे. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपला ‘निसर्ग’ हा बंगला आपल्या चित्रसंग्रहासह राज्य शासनाच्या स्वाधीन केला आणि तेथे त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय उभे राहिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या चित्रांचे काय करायचे, हा प्रश्न कोणापुढे उरला नव्हता, कारण तो त्यांनी स्वतः, हयातीतच सोडवलेला होता. प्रत्येक घरात संग्रहालय होण्याजोगा ठेवा नसतो. पण कोणती वस्तू कोठे शोभेल, हे तिच्या मालकाइतके कोणालाच नेमके ठाऊक नसते, ही गोष्ट प्रत्येक घराला लागू आहे.

वारसांचा वाटा आणि कायद्याची साथ

सामान कमी करताना कागदपत्रांची एक वेगळी पिशवी तयार होते आणि ती शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवायची असते. खरेदीखत, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, निवृत्तिवेतनाचे कागद, विम्याच्या पॉलिसी, औषधोपचाराचे अहवाल आणि इच्छापत्र ही त्यातील मुख्य कागदपत्रे होत. इच्छापत्र साध्या कागदावरही करता येते. त्यावर करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही आवश्यक असते, नोंदणी सक्तीची नसते, पण ती केल्यास पुढचे वाद कमी होतात. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला, हा समज चुकीचा आहे, कारण नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारणारी असते. घर मुलांच्या नावे करून देताना विशेष सावधगिरी हवी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. म्हणून ती अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी.

मुलांचे कर्तव्यही येथे सांगितले पाहिजे. आईवडिलांनी जपलेली वस्तू नको असेल, तर ती नको म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे आणि त्याचा राग वडीलधाऱ्यांनी मानू नये. पण ‘हे सगळे फेकून द्या’ असे फोनवरून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. दूर राहणाऱ्या मुलांनी निदान दोन शनिवार-रविवार घरी येऊन, वस्तू हातात घेऊन, तिची कथा ऐकून घ्यावी. अनेकदा वृद्धांना वस्तू जवळ हवी असतेच असे नाही. तिची गोष्ट कोणीतरी ऐकली आहे, एवढे समाधान त्यांना पुरते आणि त्यानंतर त्यांचा हात सहज सैल होतो.

निवड न करता वस्तू गमावणे काय असते, हे कोल्हापूरला शिकवावे लागत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट मानली जाते; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांतील घरांमधून छायाचित्रे, प्रमाणपत्रे, पोथ्या आणि अंथरुणे चिखलाच्या ढिगांत रस्त्यावर आली. काय ठेवायचे, हे ठरवण्याची संधी त्या कुटुंबांना मिळाली नाही. ज्यांना ती संधी मिळते आहे, त्यांनी ती दवडू नये.

म्हणून घर बदलण्याची तारीख ठरण्याची वाट न पाहता, हातपाय आणि आठवण शाबूत आहेत तोवर हे काम सुरू करावे. माळ्यावरून एक नाव घातलेले भांडे खाली काढावे, त्यावरची अक्षरे पुसून वाचावीत, वहीत उतरवावीत आणि ते ज्या घरून आले, त्या घरी फोन करावा.